व्हॉल्टेअरचा जुना प्लास्टरचा अर्धपुतळा

प्रश्न : आजोबांनी पॅरिसमधील जुन्या बाजारातून आणलेला फ्रेंच लेखक-विचारवंत व्हॉल्टेअर यांचा प्लास्टरचा अर्धपुतळा आमच्याकडे आहे. त्याच्या मागे ‘उदों, १७७८’ असे कोरलेले आहे. तो अस्सल असेल का? पुतळा पिवळसर पडल्यामुळे साबणाच्या पाण्याने धुऊन त्याला पांढरा रंग द्यावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तो धुऊ नये आणि रंगवूही नये, ही पहिली विनंती. प्लास्टर पाण्यात थोडेसे विरघळते. ओले फडके फिरवले की बारीक रेषा बोथट होतात आणि धूळ छिद्रांत मुरून डाग कायमचा होतो. तैलरंगाचा थर तर सारे बारकावे बुजवून टाकतो. मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झटकावी, एवढेच पुरे. पावसाळ्यात पुतळा बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा, कारण आत लोखंडी सळई असल्यास ती ओलीने गंजून फुगते आणि प्लास्टरला तडे जातात.

आता अस्सलपणाविषयी. व्हॉल्टेअर १७७८च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८३व्या वर्षी, पॅरिसला परतले आणि ३० मे रोजी वारले. त्या मोजक्या आठवड्यांत ज्याँ-आंत्वान उदों या शिल्पकारासमोर ते बसले. त्यातून केसांचा टोप घातलेली, उघड्या डोक्याची, प्राचीन वस्त्र पांघरलेली अशी अनेक रूपे संगमरवर, ब्राँझ, भाजलेली माती आणि प्लास्टर यांत घडली. पुढेही साच्यांवरून प्रती निघत राहिल्या. मूळ शिल्पावर कोरलेली सही साच्यातून प्रत्येक प्रतीवर उतरते, म्हणून केवळ नाव आणि वर्ष पाहून पुतळा उदों यांच्या कार्यशाळेतला ठरत नाही. तळाशी किंवा मागे कार्यशाळेचा शिक्का अथवा लाखेची मोहोर असल्यास जाणकाराला जरूर दाखवावी.

माझ्या मते मात्र आधी डोळे पाहावेत. उदों बुबुळ खोल कोरत आणि त्यात एक लहानसा उंचवटा राखत. त्यावर उजेड पडला की नजर जिवंत वाटते. साचा झिजलेला असेल, तर पहिल्यांदा हाच कण हरवतो. आपल्या पुतळ्यात तो शाबूत असेल, तर ती प्रत कोणीही काढलेली असो, काळजीने जपावी अशीच आहे.