सीएफ असलेल्या मुलीला घेऊन कॅनडात येताना

ताई, मुलीला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात जनुकीय आजार) आहे, मिस्टरांना टोरंटो आणि कॅलगरी दोन्हीकडून नोकरी येतेय, तर कुठे जावं आणि पुढेमागे फुफ्फुसं बदलायची वेळ आली तर काय, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मुलालाही सीएफ आहे, त्याला घेऊनच आम्ही टोरंटोला आलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी इमिग्रेशन. सरकारी आरोग्यसेवेवर अवाजवी खर्च पडेल अशा आजारावरून इथे अर्ज नाकारता येतो, आणि एका मुलाच्या आजारापायी सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडतो. २०१८ पासून ही मर्यादा माणशी सरासरी खर्चाच्या तिप्पट आहे, पण सीएफची नवी औषधं फार महाग आहेत. नोकरीला होकार देण्याआधी यातल्या जाणकार वकिलाशी बोला. आजार मात्र लपवू नका.

आता शहर. सीएफ क्लिनिक दोन्हीकडे आहेत. फुफ्फुसांचं ट्रान्सप्लांट मात्र कॅलगरीत होत नाही, त्यासाठी एडमंटनला जावं लागतं. टोरंटोत लहान मुलांसाठी सिककिड्स हॉस्पिटल आहे, मोठेपणी सेंट मायकल्स, आणि मोठ्यांच्या ट्रान्सप्लांटला टोरंटो जनरल. जगातलं पहिलं यशस्वी फुफ्फुस-ट्रान्सप्लांट टोरंटो जनरलमध्येच १९८३ साली झालं. पगार थोडा कमी असला तरी मी टोरंटोच म्हणेन.

पण ट्रान्सप्लांट यशस्वी होणं न होणं बरंचसं आधीच्या वर्षांत ठरतं. चांगल्या सीएफ केंद्रात डॉक्टरांबरोबर फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, समाजसेवक अशी सगळी टीम मुलाला वर्षानुवर्षं पाहते. वजन टिकतं, आणि एफईव्ही-१ (एका सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा, अपेक्षित प्रमाणाच्या टक्क्यांत) घसरू लागला की ट्रान्सप्लांट टीमकडे वेळेत पाठवतात. ३० टक्क्यांखाली जाईपर्यंत थांबणं धोक्याचं. २०१७ साली कॅनडा-अमेरिकेच्या नोंदींची तुलना छापून आली, त्यात कॅनडातल्या रुग्णांचं आयुर्मान सुमारे १० वर्षांनी जास्त निघालं. अमेरिकेत खाजगी विमा असलेल्यांत मात्र हा फरक दिसला नाही. उपचार अखंड मिळण्याला किती महत्त्व आहे, ते यावरून कळतं.

सीएफमध्ये दोन्ही फुफ्फुसं बदलतात, नाहीतर राहिलेल्या एकातला संसर्ग नव्यात जातो. नव्या फुफ्फुसांत सीएफ नसतो, पण स्वादुपिंड आणि सायनस तेच राहतात. रिजेक्शन (शरीराने नवी फुफ्फुसं नाकारणं) टाळायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. ट्रान्सप्लांटनंतर या रुग्णांपैकी साधारण निम्मे दहा वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त जगतात, काही तर कितीतरी जास्त. हे वाचून जीव दडपेल, मला ठाऊक आहे. पण ट्रायकाफ्टा या सीएफवरच्या नव्या औषधाला कॅनडात २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि हे औषध आल्यापासून सीएफसाठीची ट्रान्सप्लांटं खूपच कमी झाली आहेत. ते मुलीला लागू पडेल का, हे तिच्या म्युटेशनवर (सीएफ घडवणाऱ्या जनुकातल्या बदलावर) अवलंबून आहे. युरोपीय मुलांत सर्रास आढळणारं एफ५०८डेल हे म्युटेशन आपल्याकडच्या मुलांत तुलनेने कमी दिसतं, म्हणून जनुकीय अहवाल आत्ताच काढून ठेवा.

थुंकीच्या कल्चरचे (कोणते जंतू आहेत त्या तपासणीचे) जुने रिपोर्टही तारखेनिशी बरोबर आणा. बर्खोल्डेरिया सेनोसेपेशिया हा औषधांना दाद न देणारा जंतू असेल तर कित्येक केंद्रं ट्रान्सप्लांटला नकार देतात. टोरंटोने असे रुग्णही घेतले आहेत.