तीन आठवड्यांची टाकी आणि पांढरा पडलेला ॲनिमोन

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलीच्या हट्टापायी पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची टाकी लावली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. तीन आठवडे झाले. क्लाऊनफिशची जोडी मजेत आहे. मागच्या रविवारी मुंबईच्या एका दुकानातून पिवळाधमक बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी) आणला. दोन दिवस छान फुलला, मग आक्रसला, पांढरट पडला. तोंड उघडं राहतं, त्यातून तपकिरी तंतू येतात. काल वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंख्याच्या) मागे जाऊन बसला होता. रोज उकडलेल्या कोळंबीचा तुकडा देतो. पाणी घरच्या आरओचं, मीठ मत्स्यालयाचंच. खारेपणा मोजायचा हायड्रोमीटर 1.021 दाखवतो, अमोनिया 0.5, नायट्रेट 40. दुपारी पाणी 30 अंशांपर्यंत जातं. दुकानदाराने ‘बूस्टर’ची बाटली दिली आहे आणि दिवा बारा तास चालू ठेवा म्हणाला. करू का तसं? वाचेल का तो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बाटली उघडली नसेल तर परत करा, उघडली असेल तर कपाटात टाका. दिवाही बारा तास नको. तुमच्या पत्रातले आकडे मी दोनदा वाचले, आणि खरं सांगायचं तर ॲनिमोनची लक्षणं लिहिली नसती तरी मला ती त्या आकड्यांवरून सांगता आली असती.

आधी तो जिवंत आहे ना, हे पाहा. हात स्वच्छ धुऊन, साबणाचा अंशही न ठेवता, एका शुंडेला (बोटासारख्या लोंबत्या अवयवाला) हलकेच बोट लावा. बोटाला किंचित चिकटली, तर जीव आहे. मग तळाचा पाय बघा. तो दगडाला धरून असेल आणि फाटलेला नसेल, तर आशा धरायला हरकत नाही. पाय सुटून तो वाळूवर लोळत असेल, अंगाचे लोंबते तुकडे निघत असतील आणि टाकीला सडका वास येत असेल, तर त्याच क्षणी बाहेर काढा. मुलीला वाईट वाटेल, पण सत्तर लिटरमध्ये कुजलेला ॲनिमोन रात्रीत दोन्ही मासे घेऊन जातो.

नुसतं आक्रसणं मात्र मरण नव्हे. ॲनिमोनला खाण्याचं आणि टाकण्याचं दार एकच. अंगातलं शिळं पाणी आणि मळ बाहेर काढायला तो अधूनमधून स्वतःला पार पिळून काढतो, लिंबाएवढा गोळा होतो आणि काही तासांनी पुन्हा भरतो. तेव्हा घाबरून टाकीत हात घालायचा नाही. काळजी करायची ती तोंडाची. धडधाकट ॲनिमोनचं तोंड म्हणजे चकतीच्या मधोमध मिटलेली बारीक फट. ती आ वासून दिवसभर उघडी राहिली आणि आतल्या पांढऱ्या घड्या बाहेर डोकावू लागल्या, तर जनावर खरंच त्रासात आहे. तुमचा त्याच अवस्थेत आहे असं दिसतं.

आता पांढरेपणा. ॲनिमोनच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. तपकिरी रंग त्याचाच. ते उजेडावर अन्न बनवतं आणि मालकाला त्यातला मोठा वाटा देतं. प्रवासातला अंधार, पाण्याची उष्णता, क्षारांतला फरक, एकदम डोक्यावर आलेला प्रखर दिवा, यांतलं काहीही झालं की तो हे शैवाल बाहेर टाकतो. तुम्हाला दिसलेल्या तपकिरी तंतूंत शेंबडात गुंडाळलेलं हेच शैवाल आणि मळ असतो. ‘पिवळाधमक’ हा शब्द मला त्याहून खटकला. पाय, चकती, शुंडा असं सगळं अंग एकाच भडक पिवळ्या रंगाचं होतं का? तसं असेल तर तो बहुधा रंगवलेला होता. शैवाल गमावून आधीच पांढरे पडलेले ॲनिमोन रंगात बुडवून विकण्याचा धंदा जुना आहे. रंग काही आठवड्यांत उतरतो आणि खालचा उपाशी जीव उघडा पडतो. पुढच्या खेपेला दुकानात फिकट का होईना, पण तपकिरी झाक असलेलाच मागा.

तरीही खरी अडचण टाकीच्या वयाची आहे. माशांचा मळ आणि उरलेलं अन्न कुजून अमोनिया होतो. जिवाणूंची एक जमात त्याचा नायट्राइट करते, दुसरी नायट्रेट. या दोन्ही जमाती दगडांवर आणि वाळूत नीट वसायला चार ते सहा आठवडे सहज लागतात, आणि त्यानंतरही टाकीचं पाणी काही महिने हेलकावे खात राहतं. मासे ते निभावून नेतात. ॲनिमोनला मात्र टाकी निदान सहा महिन्यांची असावी, असं अनुभवी मंडळी सांगतात ते उगाच नाही. अमोनिया शून्यच हवा. खाऱ्या पाण्याचा पीएच 8च्या वर असतो आणि तिथे 0.5 अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त झोंबतो.

म्हणून उद्या पंधरा लिटर पाणी बदला, आणि अमोनिया शून्यावर येईपर्यंत एक दिवसाआड तेच करा. नवं पाणी आदल्या रात्री करून ठेवा. लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम मीठ, रात्रभर छोटा पंप फिरता, तापमान टाकीएवढंच. हे पाणी 1.025चं करा. टाकीचं 1.021 आहे, त्यामुळे दर बदलाला काटा अंदाजे 0.001ने वर सरकेल, त्याहून घाई नको. तो प्लॅस्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर मात्र भरवशाचा नाही. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो जास्त दाखवतो, म्हणजे तुमचं पाणी 1.021पेक्षाही कमी खारं असू शकतं. त्याऐवजी खारेपणा मोजायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) द्रावणावर जुळवून वापरा. या छंदात एवढा एक खर्च टाळू नये.

आरओचंही बघा. आपल्या घरच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलचं काडतूस असतं. पिण्याला ते ठीक, टाकीला नको. मेकॅनिकला सांगून मेंब्रेननंतर लगेच एक टी (नळीचा वेगळा फाटा) काढून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

तापमान 25 ते 27 हवं. नाशिकच्या उन्हाळ्यात चिलर परवडत नसेल तर झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पण मग पाणी भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच. काचेवर पेनने रेघ मारून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत भरा.

उकडलेली कोळंबी आजपासून बंद. तोंड मिटेपर्यंत काहीच देऊ नका. मिटल्यावर आठवड्यातून दोनदा, तेही मुगाच्या दाण्याएवढं. बाजारातली ताजी कच्ची करंदी धुऊन, बिनमिठाची गोठवून ठेवा, किंवा फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणा. तुकडा शुंडांवर ठेवायचा, तोंडात कोंबायचा नाही. तासाभरात ओकून टाकला तर उचलून घ्या. मोठा घास पचवायलाही ताकद लागते, आणि ती सध्या त्याच्याकडे नाही. क्लाऊनफिश त्याच्यात घुसून घास पळवत असतील किंवा त्याला सारखे घासत असतील, तर भाजीची जाळीदार टोपली उपडी घालून त्याला काही दिवस वेगळा ठेवा. टोपली पांढरी घ्या, आत उजेड जातो.

दिवा आठ-नऊ तास, आणि त्याची धार कमी. शैवाल उरलेलंच नाही, तर जास्त उजेड वापरणार कोण? आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा वाढवा. तपकिरी झाक परतायला महिने लागतात.

वेव्हमेकरला आजच स्पंजचं आवरण घाला. नाखूष ॲनिमोन जागा शोधत फिरतो आणि पंख्यात सापडला की त्याचा चुरा सगळ्या टाकीभर होतो. तो बसेल तिथे बसू द्या. ओढून सोडवलात तर पाय फाटेल. हलवायचाच झाला तर दगडासकट हलवा. आणि माशांना पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध या टाकीत कधीही नको. मासे बरे होतील, ॲनिमोन जाईल.

वाचेल का, या प्रश्नाला माझं उत्तर असं : तुमच्या टाकीत शक्यता कमी. ओळखीत कुणाकडे वर्षभर जुनी, चांगल्या दिव्याची खारी टाकी असेल तर सहा-आठ महिने तिथे पाठवा. मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने 1828 साली किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणून काचेच्या बरणीत ठेवला. डॅलिएल 1851मध्ये गेले, तो ॲनिमोन हातोहाती जात 1887पर्यंत जगला. लोक त्याला ‘आजी’ म्हणत. थंड किनाऱ्यावरची ती काटक जात, तिला दिव्याची गरज नव्हती, आणि बरणीतलं समुद्राचं पाणी सतत बदललं जाई. तुमचा बबल टिप बरणीत जगायचा नाही, पण वयाने थकून मरणारा हा प्राणी नव्हे, एवढं तिला कळेल.

प्रश्न : आमच्याकडे ओहोटीला खडकांच्या डबक्यांत ॲनिमोन दिसतात. विकत घेण्यापेक्षा तेच आणले तर? सोबत प्रवाळाचा एखादा तुकडाही आणता येईल.
– एक वाचक, मालवण

उत्तर : नका आणू. फटीत रुतलेला पाय सोडवताना फाटतो आणि ॲनिमोन घरी पोचेपर्यंत अर्धा मेलेला असतो. प्रवाळाचं तर नावच काढू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972च्या अनुसूची 1मध्ये आहेत, वाळूवर पडलेला मेलेला तुकडाही घरी न्यायचा नाही. तुमच्या दारात ओहोटी येते, पायात चांगली चप्पल घाला आणि तिथेच बघा. आम्ही शहरातले त्यासाठी रजा काढून येतो.

प्रश्न : ॲनिमोनशिवाय क्लाऊनफिश खंगतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही. समुद्रात त्याला शिकाऱ्यांपासून आसरा लागतो, टाकीत शिकारी कुठला? बाजारात सर्रास मिळणारा ऑसेलारिस जातीचा क्लाऊनफिश निसर्गात तीन जातींच्या ॲनिमोनमध्ये राहतो आणि बबल टिप त्यांत नाहीच, जरी टाकीत तो पुष्कळदा त्याला आपलंसं करतो. नाहीतर फिल्टरच्या कोपऱ्यातही तो सुखाने संसार थाटतो. मासे घेताना मात्र हॅचरीत वाढलेले आहेत का, हे विचारा. ते टाकीला आणि तयार खाद्याला सरावलेले असतात. दुकानदार गुळमुळीत बोलला तर दुसरं दुकान बघा.