इजिप्तच्या थडग्यांतली शेतीची चित्रं खरी मानावीत का?

तुमचा प्रश्न असा, की मेलेल्या श्रीमंत माणसाच्या थडग्यात नांगरणी-मळणी कशाला रंगवायची, आणि त्यावरून त्या काळची शेती कळते का. कळते, आणि बरीच कळते. फक्त कोणतं थडगं पाहतोय याचं भान हवं.

रंगवण्याचं कारण पोटाचं. मेल्यावरही भाकरी आणि बीअर लागणार, आणि भिंतीवरचं पीक ती कायम पुरवत राहील, अशी त्यांची श्रद्धा होती.

लोक सहसा दाखवतात ते चित्र सेन्नेजेमच्या थडग्यातलं, लक्झरजवळच्या दैर अल-मदिना या कारागिरांच्या गावातलं, १८८६ साली सापडलेलं. तो नांगर धरतो, मागून बायको इनेफेर्ती बी टाकते, आणि दोघांच्या अंगावर पांढरेशुभ्र लिननचे कपडे! सेन्नेजेम मुळात शेतकरी नव्हताच, राजांची थडगी घडवणारा कारागीर होता. हा परलोकातला मळा आहे. तरी कापणी बघा: विळ्याने वरची कणसं तेवढी कापली जातात, ताटं उभीच राहतात. जवस मात्र मुळासकट उपटतात, कारण त्यापासून निघणारा लिननचा धागा लांब हवा. ही पद्धत खरीच होती.

रोजची शेती पाहायची तर लक्झरच्या पश्चिम तीरावर मेन्नाच्या थडग्यात. काळ इ.स.पू. १४००च्या सुमाराचा. मेन्ना राजाच्या शेतांचा हिशेब ठेवणारा अधिकारी, त्यामुळे उभं पीक गाठी मारलेल्या दोराने मोजणारी माणसं इथे ठळक आहेत. त्या मोजणीवरच शेतसारा ठरायचा. पुढे खळ्यावर बैलांची मळणी, लाकडी सुपल्यांनी उफणणी, धान्याच्या राशीपाशी कारकून, आणि मार खाणारा एक माणूसही. पण मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या कडेच्या पोरी. सरवा वेचताना दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. दुसरीकडे एक जण मैत्रिणीच्या पायातला काटा काढतेय. परलोकातल्या भाकरीसाठी यातल्या कशाचीच गरज नव्हती. चित्रकाराने हे शेतात पाहिलं असणार, असं मी ठामपणे म्हणेन.

दक्षिण इजिप्तमधल्या एल काब इथल्या पाहेरी नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात तर मळणीचं गाणंच कोरलंय. त्याचा आशय असा: बैलांनो, मळा, स्वतःसाठी मळा, भुसा तुम्हाला खायला, धान्य धन्याला.

आणि हो, त्यांचा मुख्य गहू म्हणजे एमर, आपल्याकडची खपली. मळली तरी टरफल सुटत नाही, नंतर वेगळं कांडावं लागतं. खपली पिकवणाऱ्याला हे सांगायला नको.

प्रवास शक्य नसेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर मेन्ना, सेन्नेजेम आणि नख्त नावाच्या आणखी एका अधिकाऱ्याच्या थडग्यांतल्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या भिंतींसमोर बसूनच काढल्या आहेत. सुरुवात मेन्नापासून करा.