विकिपीडियावर मी लिहिलेलं एक सदस्य सारखं काढून टाकतो. त्याला ब्लॉक कसं करायचं?

ब्लॉक करणं तुमच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे ते प्रचालक (ब्लॉक करणं, पान बंद करणं असे जादा अधिकार असलेले सदस्य) एकट्या तुमच्या सांगण्यावरून कुणाला ब्लॉक करणार नाहीत. तुम्ही लिहिलंय की मराठी विकिपीडियावर गावच्या लेखात यात्रेची, जुन्या गढीची आणि गाव कुणी वसवलं त्याची माहिती टाकली. ती उडाली, तुम्ही परत टाकली, परत उडाली, आणि हे आठवडाभर चाललंय. मी मेहकरकडचा, बुलडाणा जिल्ह्यातला. आमच्या भागातल्या गावांचे, देवळांचे, नद्यांचे लेख बरीच वर्षं सांभाळतो, त्यामुळं अशी भांडणं दोन्ही अंगांनी पाहिली आहेत.

आधी लेखाचा ‘इतिहास’ उघडा. तुमच्यासारख्या प्रकरणात तिथं बहुतेक काय दिसतं सांगतो. एका ओळीत हिरवा आकडा, +१,८४०, म्हणजे तेवढे बाइट मजकूर वाढला. त्याच्या वरच्या ओळीत लाल, −१,८४०. परत हिरवा, परत लाल. आणि सारांशाची जागा, म्हणजे बदल का केला ते लिहायची ओळ, दोघांचीही कोरी. म्हणजे दोन माणसं आठवडाभर एकमेकांचं खोडताहेत आणि एकानंही एक शब्द बोललेला नाही.

त्यानं सारांशात काही लिहिलं असेल तर मात्र नीट वाचा. ‘प्रताधिकार भंग’ (कॉपीराइटचा भंग) असं लिहिलं असेल तर वाद घालूच नका. संस्थानच्या स्मरणिकेतला किंवा वेबसाइटवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला की तो जाणारच, मग माहिती शंभर टक्के खरी असली तरी. ती स्वतःच्या शब्दांत परत लिहावी लागते. आजी-माजी सरपंच, पोलीस पाटील, मंडळाचे अध्यक्ष यांच्या याद्या काढल्या असतील तर त्याही सोडून द्या. त्यांना तिथं जागा नाही, आणि मला विचाराल तर नसावीच.

इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला की ब्लॉक होऊ शकतो. उघड नासधूस सोडली तर तुमचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे तिथं बघतच नाहीत. मराठीत इतका काटेकोर हिशेब होत नाही, पण तक्रार गेली की प्रचालक इतिहासच उघडतो आणि त्याला तुम्ही दोघं सारखेच दिसता. फार झालं तर तो पान सुरक्षित करून ठेवतो, म्हणजे त्यात बदल करणं बंद करतो. त्या क्षणी जी आवृत्ती वर असेल ती तशीच गोठते. विकिपीडियनांमध्ये जुना विनोद आहे की पान नेहमी चुकीच्या आवृत्तीवरच सुरक्षित होतं, कारण दुसऱ्या बाजूलाही तसंच वाटतं.

म्हणून आता लेखाला हात लावू नका. लेखाच्या ‘चर्चा’ पानावर जा, नवा विभाग काढा, त्याच्या सदस्यनावाला साद घाला (म्हणजे त्याला सूचना जाईल असा त्याचा उल्लेख करा) आणि विचारा की यातलं नेमकं कोणतं वाक्य खटकतंय. ‘तुम्ही कोण आम्हाला शिकवणारे’ हा सूर नको. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, समोरचा मुद्दाम गप्प असेल असंही नाही. आपल्याकडं बरेच जण मोबाईलवरून लिहितात आणि तिथं चर्चापान चटकन डोळ्यांत भरत नाही. जो खातं न उघडताच लिहितो त्याच्यापर्यंत तुमचा निरोप पोचेलच याचा भरवसा नाही. मोबाईलचा आयपी पत्ता बदलत राहतो, एकच पत्ता अनेकांच्या वाट्याला येतो. त्यामुळंच अशाला ब्लॉक करायला प्रचालक कचरतात, एकासाठी पत्त्यांचा पट्टा बंद केला की अर्धा तालुका अडकतो. तुम्ही स्वतः खातं काढलं नसेल तर आजच काढा, भाऊ.

आता मूळ दुखणं. तुम्ही तिथं ‘खरं काय’ यावर भांडताय. विकिपीडिया विचारतो, हे कुणी, कुठं लिहिलंय? हा फरक पटला की निम्मे वाद सुटतात, कारण मग दोघांपैकी कुणालाच हरावं लागत नाही.

आमचं लोणारच घ्या. विवराचं वय किती? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं साधारण ५२ हजार वर्षं आलं. २०११ मध्ये आर्गॉनवरून वय काढलं तर ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. थोडाथोडका नाही, दहापटीहून जास्त फरक. दोन सदस्य एकेक आकडा घेऊन आले आणि दोघांनीही दुसऱ्याचा खोडून आपला टाकायचा ठरवला, तर वर्षभर भांडता येईल. पण ‘अमुक पद्धतीनं केलेल्या १९९७ च्या अभ्यासात इतकं, तमुक पद्धतीनं केलेल्या २०११ च्या अभ्यासात इतकं’ असं लिहिलं की दोन्ही आकडे नांदतात. विष्णूनं लवणासुराला मारल्याची कथाही तिथं बसते, फक्त ती आख्यायिका म्हणून स्वतंत्र विभागात. उल्कापाताच्या परिच्छेदात ती घुसवली की काढणारा काढणारच, आणि तो देवाधर्माच्या विरोधात आहे म्हणून नव्हे.

नावाचे आणि जिल्ह्याचे वाद तर याहून सोपे. कारंज्यात १९४० साली जन्मलेला माणूस अकोला जिल्ह्यातला की वाशीमचा? वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. एक जण आजचा जिल्हा लिहितो, दुसरा तेव्हाचा, आणि दोघंही बरोबर. ‘तत्कालीन अकोला (आताचा वाशीम) जिल्हा’ एवढ्यानं प्रश्न मिटतो. चंद्रपूर-गडचिरोली, भंडारा-गोंदिया इथंही हीच गत. इंग्रजी विकिपीडियावर पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या नावावरून असंच रण माजलं होतं. शेवटी २००५ मध्ये मतं घेऊन ठरलं की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग (शहराचं जर्मन नाव) म्हणायचं, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. सगळेच वाद इतके शहाण्यासारखे मिटत नाहीत म्हणा. त्याच विकिपीडियावर दह्याच्या लेखाच्या इंग्रजी नावात ‘एच’ हवा की नको हे भांडण वर्षानुवर्षं चालून २०११ मध्ये थांबलं.

कधी कधी तर वाद नसतोच. आमच्याकडच्या एका गावाच्या लेखात एक जण यात्रा चैत्रात लिहायचा, दुसरा ते खोडून माघात. दोघांचाही स्वर असा की समोरचा गावचा नाहीच. चर्चापानावर मी एवढंच विचारलं की कोणत्या देवळाची यात्रा म्हणताय? देवळं दोन, यात्रा दोन. लेखात दोन वाक्यं झाली आणि दोघंही परत आपापल्या कामाला लागले.

तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे आणि ती खरोखरच अवघड आहे. गढी कुणाची, गाव कुणी वसवलं, हे तुम्हाला आज्यानं सांगितलंय आणि गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद आठवा. कुणाचा आजा कुठवर वाहत होता हे अख्ख्या गावाला माहीत असतं, तरी मोजणीवाला नकाशाच मागतो. विकिपीडियाचंही तसंच, छापील आधार नसेल तर ‘संदर्भ हवा’ लागतं किंवा वाक्यच जातं. हा नियम खेड्यांवर अन्याय करतो असं माझं मत आहे. पुण्यातल्या एखाद्या वाड्यावर छापलेलं भरपूर सापडेल, आपल्या गढीवर एक ओळ मिळायची मारामार. २०११ च्या सुमारास भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत खेड्यांतल्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून संदर्भ म्हणून वापरायचा प्रयोग झाला होता. नियम काही बदलला नाही. तरी तुमच्याशी भांडणाऱ्या सदस्यानं तो नियम केलेला नाही, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही.

मग शोधा. जिल्हा गॅझेटिअर आहे. बुलडाण्याचं १९१० चं इंग्रजांच्या काळातलं आहे, राज्य सरकारनं नंतर काढलेलीही आहेत. वऱ्हाडातल्या जुन्या गावांच्या, देवळांच्या, गढ्यांच्या नोंदी त्यांत मिळतात. मराठी विश्वकोश आहे, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आहेत. यात्रेच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्तीत दरवर्षी येतात, त्या तारखेसह चालतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना विचारा, कुणी ना कुणी पीएच.डी.साठी आपल्याच भागावर काम केलेलं असतं. यातून जेवढं मिळेल तेवढंच लेखात ठेवा. गाव वसवल्याची हकीकत कुठंच छापलेली नसेल तर सध्या चर्चापानावर लिहून ठेवा. ते पान कुणी उगाच पुसत नाही, आणि पुढं कुणाला आधार सापडला तर त्याला धागा मिळेल.

एक गोष्ट मात्र करू नका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून पोरांना गोळा करू नका. तिथं हात वर करून निकाल लागत नाही, कारणं बघून सहमती ठरते. एका संध्याकाळी पंधरा नवी खाती उघडून तेच वाक्य टाकायला लागली की अनुभवी माणसाला लगेच कळतं, आणि मग तुमचा खरा संदर्भही कुणी उघडून बघत नाही. दुसरं खातं काढून स्वतःच स्वतःला पाठिंबा द्यायचा विचारही नको, ते तपासता येतं.

आठवडाभरात तो चर्चापानावर आला नाही तर संदर्भ असलेली वाक्यंच फक्त परत टाका आणि सारांशात लिहा, ‘संदर्भ जोडला, चर्चापान पाहावे’. संदर्भासकट परत काढलं तर चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जा. प्रचालक मोजकेच आहेत आणि तेही नोकरीधंदा सांभाळून हे बघतात, म्हणून कहाणी सांगू नका. कोणतं वाक्य, कोणता संदर्भ, काढल्याच्या फरकांचे दुवे (इतिहासात आधीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी दाखवणारे) आणि तुम्ही चर्चा कुठं मांडली होती त्याचा दुवा, बस. तो कोणत्या जातीचा वाटतो, कोणत्या पक्षाचा, शेजारच्या गावचा आहे का, यातलं अक्षरही नको. तेवढ्या चार ओळींवर तिसरा माणूस दहा मिनिटांत मत देऊ शकतो. ते मत तुमच्या विरुद्ध गेलं तर त्या लेखाचा तेवढा परिच्छेद सोडा आणि नदीवर लिहा, बाजारावर लिहा. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या लेखात अजून जनगणनेचे आकडे आणि हवामानाचं तेच ते वाक्य, याखेरीज काही नाही.