कडुनिंबाखालचं ग्रहण

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

२ ऑगस्ट २०२७च्या सूर्यग्रहणासाठी सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्याने घेऊ का, असं विचारलंस. इंदुरातून ते खंडग्रासच दिसणार, तेही ऊन कलल्यावर, भर पावसाळ्यात. सहाशेच्या लेन्सनेही सेन्सरवर सूर्य जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा येतो. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या त्या सहाशेला, १०९ने भागून बघ. तरी काढायचाच असेल, तर सोलर फिल्टर लेन्सच्या तोंडावरच हवा. त्याशिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा नाही. इथे हयगय नको.

माझा जीव मात्र तुमच्या रामबागेतल्या कडुनिंबाखाली अडकलाय. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, पण कवडसे गोल पडतात, पाहिलंस कधी? प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच. फट कवडशापासून तीन मीटर दूर असेल तर तो साधारण पावणेतीन सेंटिमीटरचा. पुन्हा तोच १०९चा हिशेब. ग्रहण लागलं की त्या प्रत्येकाचा एक घास तुटलेला दिसेल. तिरप्या उन्हात जमिनीवर ते लांबट होतील, म्हणून पश्चिमेला तोंड असलेली भिंत शोध. चुन्याचे पोपडे सुटलेली मिळाली तर सोनंच. पुरणयंत्राची जाळी उन्हात धरून बघ, भिंतीवर सूर्यांच्या रांगा उमटतील. जाळी भिंतीला चिकटवलीस तर नुसती भोकंच दिसतात. हळूहळू लांब ने. आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, कवडशांवर धर, भिंत काळवंडली तरी चालेल.

हे इतकं का सांगतोय? २२ जुलै २००९ला सकाळी इंदुरातच खग्रास होतं. मी गच्चीवर ट्रायपॉड लावून ढगांकडे डोळे लावून बसलो होतो. सहा वाजून गेल्यावर उजेड कुणीतरी वात खाली करावी तसा विझत गेला. तीनेक मिनिटं काळोख. खाली अंगणात आजी तुळशीपाशी हात जोडून उभी होती, पांढरं लुगडं तेवढं दिसत होतं. मी तिला पाहिलं आणि पुन्हा ढगांकडे लेन्स वळवली. ढगांच्या छत्तीस फ्रेम निघाल्या, सगळ्या करड्या. आजीची एकही नाही.

यंदाच्या उन्हाळ्यापासूनच चार ते सहा त्या भिंतीपाशी बसत जा. घरातलं कोण त्या वेळी अंगणात कुठे असतं, तेही बघून ठेव. भिंतीचे पहिले फोटो रविवारी घेऊन ये, मोबाइलवरचे चालतील.

तुझे
काका