अ समरीचा कागद आणि आईची एकदाणी

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाचोऱ्याला लग्नाला गेलात, मागे घर फोडलं, नऊ तोळे गेले, दीड वर्ष काही हालचाल नाही, आणि परवा हवालदार येऊन ‘अ समरी’ची नोटीस देऊन गेले. वर ‘सोमवारी ठाण्यात येऊन सही करून जा’ असंही सांगितलं. तुम्ही विचारलंय, केस बंद झाली का?

नाही झाली. पण सोमवारच्या सहीने ती जवळपास बंद होऊ शकते, म्हणून रात्रीच लिहायला बसलो. लाईट गेलीय, मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि मी वकील नाही, शाळेत क्लार्क आहे. जे लिहितोय ते आमच्या घरावर गुदरलं म्हणून माहीत आहे. शेवटी तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाला कागद दाखवाच.

फिर्याद, पंचनामा हे तुमचं झालेलंच आहे, त्यात जात नाही. समरी म्हणजे तपास थांबवताना पोलीस मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात तो अहवाल. अ समरी म्हणजे गुन्हा घडला हे पोलिसांना मान्य, पण आरोपी सापडला नाही. ब म्हणजे फिर्याद मुद्दाम खोटी दिली. क म्हणजे गैरसमजातून दिलेली, किंवा मूळ भानगड दिवाणी. तुमचा कागद अ चा आहे, म्हणजे खोटेपणाचा डाग नाही. मॅजिस्ट्रेटने समरी मंजूर केली तरी पुढे धागा मिळाला की पोलीस पुन्हा तपास करू शकतात. जुन्या कायद्यात ते कलम १७३(८) होतं, नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) १९३(९). खटला भरायची मुदत संपेल ही भीतीही नको. ती अट तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना असते, घरफोडीची शिक्षा त्याहून मोठी आहे. साध्या चोरीतसुद्धा चोर कोण हे कळेल त्या दिवसापासून मुदत मोजतात. हे मला २०१९ पर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आता आमचं ऐका.

२०१६ च्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) आम्ही सगळे गावाकडे शेतावर होतो. तालुक्याच्या घराला कुलूप. परत आलो तर कडीकोयंडा तोडलेला, कोठीतली पेटी पालथी. आईने पोलीस यायच्या आधी घर झाडून-पुसून काढलं, कारण ‘येणारे काय म्हणतील’. ठसे तिथेच गेले. पण त्याहून मोठी चूक दुसरी होती, आणि ती माझी. आप्पा फिर्याद देत होते आणि मी शेजारी उभा होतो. ठाणे अंमलदाराने विचारलं, काय काय गेलं? आप्पा म्हणाले, ‘सोन्याचे दागिने, सात तोळे असतील.’ अंमलदाराने लिहिलं, ‘सोन्याचे दागिने अं. ७ तोळे, जु.वा.’ जु.वा. म्हणजे जुने वापरते. बस्स, एवढंच. मी डिग्री झालेला माणूस, मला सुचलं नाही की आईची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, वेगळी लिहावी. त्या एकदाणीचा एक मणी पेटीच्या झाकणात चेपून चपटा झालेला होता. फास तुटला तेव्हा गल्लीतल्या सोनाराने तांब्याच्या तारेचा आकडा लावून दिला होता, सोन्याचा नंतर लावू म्हणून, आणि तो नंतर कधी आला नाही. आख्ख्या खान्देशात तसा दागिना दुसरा नसेल. कागदावर मात्र ‘सोन्याचे दागिने’.

२०१७ सुरू झालं, कापसाची शेवटची वेचणी चालू होती. हवालदार आले. माणूस चांगला होता, चहा प्यायला, मक्याचं विचारलं. म्हणाला, ‘आप्पा, इथं सही करी द्या, कोर्टात पाठवायचंय.’ आप्पांनी सही केली. झेरॉक्स मी दोन वर्षांनी पाहिली. त्यात लिहिलं होतं: तपासाबाबत माझी काही एक तक्रार नाही, समरी मंजूर होण्यास हरकत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात पेपरात फोटो आला. शेजारच्या जिल्ह्यात टोळी पकडली होती. टेबलावर हिरवं कापड, त्यावर दागिने मांडलेले, मागे अधिकारी ओळीत उभे. तसले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आईने चष्मा पुसला, पेपर खिडकीशी नेला आणि म्हणाली, ‘हाई मनीच एकदाणी शे.’ ही माझीच एकदाणी आहे. फोटोत चपटा मणी दिसत नव्हता. पण आकडा बाकीच्या सोन्यापेक्षा काळपट दिसत होता.

आम्ही तिकडे गेलो. तिथले तपासी अंमलदार सभ्य निघाले. म्हणाले, आरोपींनी तुमच्या गावातली एक घरफोडी कबूल केलीय, आम्ही तुमच्या ठाण्याला पत्र पाठवलं होतं, उत्तर नाही आलं. मग आम्ही आमच्या ठाण्यात. नाव घेत नाही, तिथली माणसं आता बदलली आहेत. ‘असं पत्र आलं नाही.’ पुन्हा तिकडे. ‘जावक नंबर बघा, पाठवलंय.’ पुन्हा इकडे. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत.’ ‘तुमची केस समरीत गेली, फाईल कोर्टात आहे.’ एसटीच्या आठ फेऱ्या झाल्या. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात त्या महिन्याच्या आवक रजिस्टरची नक्कल मागितली. उत्तर काय यावं? ‘तपासास बाधा येईल, कलम ८(१)(ज).’ मी समोर गेलो की तपास बंद, अर्ज केला की तपास चालू! अपील केल्यावर नक्कल मिळाली. पत्र आलेलं होतं. आवक नंबर होता, तारीख होती, पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात काही नाही.

तोवर तिकडच्या कोर्टातून ती एकदाणी दुसऱ्या एका कुटुंबाला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे निकाल लागेपर्यंत सांभाळायला, दिली गेली होती. त्यांच्या फिर्यादीत ‘एकदाणी, दोन तोळे’ एवढं तरी होतं. वकील म्हणाले हरकत घेता येते, सुपूर्दनामा म्हणजे मालकी नव्हे, पण तुमचा पुरावा काय? पुरावा काहीच नव्हता. ती त्यांचीही असेल, मी शपथ घेत नाही. आई घेते.

म्हणून सांगतो, सोमवारी ‘तक्रार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. नोटीस मिळाली एवढ्यापुरती पोच द्या आणि खाली स्वतःच्या हाताने लिहा, ‘समरी मान्य नाही, पुरवणी माहिती द्यायची आहे.’ हवालदार कुरकुरतील, कुरकुरू द्या. फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेटने असा अहवाल स्वीकारू नये, असं सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात सांगितलंय. कोर्टात जाऊन हरकतीचा अर्जही देता येतो.

आणि पुरवणी जबाब द्या. एकेका दागिन्याचं वर्णन: कुठे झिजलाय, कुठे डाग दिलाय, किती मणी, कोणत्या सोनाराकडून, कोणत्या लग्नात घातला. जबाब नोंदवून घेत नसतील तर तेच अर्जावर लिहून आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. प्रत्येक कागदावर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष लिहा. तपासी अंमलदार बदलले की नव्याला फाईल मिळते ती नुसत्या नंबराने, तुमचं तोंड कुणाच्या लक्षात राहत नाही. माझा अंदाज असा, आणि तो चुकीचाही असू शकेल, की जुना गुन्हा उघडकीस येतो तो बहुतेक वेळा त्याच्या तपासातून नव्हे, दुसऱ्याच गुन्ह्यात कुणी पकडला गेल्यावर. तेव्हा पकडणारा अधिकारी जप्त मुद्देमाल कुठल्या जुन्या फिर्यादीशी जुळतो ते बघतो. जुळवायला तुमच्या फिर्यादीत काही असलं तर जुळेल. सीसीटीएनएस या पोलिसांच्या कॉम्प्युटर जाळ्यावर देशभरातली ठाणी जोडलीत हे खरं, पण कॉम्प्युटरला ‘सोन्याचे दागिने’ एवढंच दिलं तर तो बिचारा काय शोधणार?

आपल्याकडे आणखी एक त्रास आहे. शिरपूरहून सेंधवा, रावेरहून बऱ्हाणपूर, नवापूरच्या पुढे लगेच गुजरात. चोर तासाभरात राज्य ओलांडतो, पत्राला महिने लागतात. म्हणून स्थानिक गुन्हे शाखेला, म्हणजे एलसीबीला, अर्जाची एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. ठाण्यापेक्षा त्यांचा बाहेरच्या जिल्ह्यांशी जास्त संबंध असतो. तुमच्याकडे ठसेतज्ञ येऊन ठसे घेऊन गेले होते का, तेही अर्जात विचारा. घेतले असतील तर आशा धरा. २०२२ पासून ‘नाफिस’ ही देशपातळीवरची ठशांची यंत्रणा आहे, उद्या कुणी भलत्याच राज्यात पकडला गेला तरी ठसा जुळू शकतो.

तुमचा गुन्हा १ जुलै २०२४ नंतर, म्हणजे नवा कायदा लागू झाल्यावर, दाखल झालाय ना? मग तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. कळवलं नसेल तर अर्जात तेही एका ओळीत लिहा. भांडू नका, नुसतं नमूद करा. त्या हवालदाराच्या टेबलावर तुमच्यासारख्या किती फायली आहेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि गणपती, मोर्चा, निवडणूक आली की त्यालाच उन्हात उभं करतात. राग त्याच्यावर काढून उपयोग नाही. आमच्या ठाण्यातल्या त्या रिकाम्या रकान्याचा राग मात्र माझा अजून गेलेला नाही.

विषय निघाला म्हणून बाकीच्यांसाठी: १ एप्रिल २०२३ पासून दुकानात हॉलमार्कचा दागिना सहा अक्षरी-अंकी एचयूआयडीशिवाय (दागिन्यावरच्या ओळख नंबराशिवाय) विकता येत नाही. तो नंबर वहीत उतरवून ठेवा, दागिना वितळवला नसेल तर तोच तुमचा गु.र.नं. समजा. आजीच्या काळातल्या दागिन्यांवर नंबर नसतो, ते सोनाराकडून तोलून घ्या आणि मोबाईलवर मागून-पुढून फोटो काढा.

भाऊ, सोमवारी जाताना लग्नाचा अल्बम घेऊन जा. वहिनींनी कुठला दागिना कुठल्या फोटोत घातलाय त्यावर आधी चिठ्ठ्या लावा. तिथे दाखवा, फोटोंच्या प्रती अर्जाला जोडा, पण ‘राहू द्या इथे, साहेबांना दाखवतो’ म्हणाले तरी अल्बम ठेवून येऊ नका. आमच्या ताईच्या लग्नाचा अजून तिथेच आहे.