वाचकांचे प्रश्न: जाईचा अर्क

प्रश्न: ताई, अंगणातल्या जाईच्या पाव किलो फुलांचा अर्क काढला. वास शिजलेल्या पाल्यासारखा आणि तेलाचा थेंबही नाही. काय चुकलं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: हात चुकला नाही, फूल चुकलं. जाईचा नाजूक गंध वाफेच्या उष्णतेत बिघडतो. माझ्याही दोन परड्या अशाच वाया गेल्या, फार हळहळले. जाई केसांतच माळा. आणि तेल? गुलाबाचं 1 किलो तेल मिळायला 3-4 हजार किलो पाकळ्या लागतात, तेव्हा पाव किलोत ते दिसणार कुठून!

परसातला गवती चहा घ्या. पात सावलीत एक दिवस सुकवून बारीक कापा. स्टीलच्या टोपात जाळीखाली पाणी, जाळीवर पात, मधोमध वाटी. वर झाकण उलटं आणि त्यावर बर्फ. काजूच्या फेणीच्या भट्टीचंच तत्त्व हे: वाफ थंडावली की थेंब. आंच मंद हवी. खालचं पाणी आटू देऊ नका, नाहीतर करपट वास येतो. वाटीतल्या पाण्यावर पिवळसर तवंग दिसेल, तेच तेल. ते कापसाने टिपा, थेट त्वचेला लावू नका. वाटीत तवंगाखाली उरलेलं पाणी म्हणजे अर्क, तो उकळलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. गढूळ झाला तर टाकून द्या.